बॉम्बफेक थांबवल्याची घोषणा आणि मागे चाललेल्या वाटाघाटी: नेत्यांची निवेदनं वाचायची कशी?

शर्वरी_क

व्हिएतनाम युद्धातल्या १९६५ ते १९७३ या काळातली अमेरिकी अध्यक्षांची भाषणं आणि हनोईची (उत्तर व्हिएतनामच्या सरकारची) निवेदनं तारखेनुसार लावून वाचते आहे. घटना कळतात, पण निवेदनांचा आणि घटनांचा मेळ बसत नाही. २६ ऑक्टोबर १९७२ ला अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पत्रकारांना सांगतात की शांतता हाताशी आली आहे. १८ डिसेंबरला हनोई आणि हायफाँगवर अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं जातात. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या होतात.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. 'बॉम्बफेक थांबवली' असं नेता जाहीर करतो तेव्हा त्या वाक्यात नेमकं काय तपासायचं? गुप्त वाटाघाटी आणि जाहीर बोलणं एकमेकांना कसं सांभाळतात, आणि कुठे फसतात? आणि नागरिक मारले गेल्याची बातमी आली की सरकारं कोणत्या क्रमाने उत्तर देतात? नेता चांगला की वाईट हा मुद्दा इथे नको, कामाची पद्धत समजून घ्यायची आहे.

---

दस्तऐवज

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. घोषणेतलं प्रत्येक नाम आणि प्रत्येक अपवाद वैमानिकांना गेलेल्या आदेशाशी ताडून पाहायचा. भाषण एकाच्या हातचं असतं, आदेश दुसऱ्याच्या हातचा, आणि या दोहोंत जी फट राहते तिथेच बहुतेक वेळा सगळं बिनसतं.

३१ मार्च १९६८ चं अध्यक्ष जॉन्सन यांचं भाषण घ्या. दोन्ही व्हिएतनामांमधल्या सैन्यविरहित पट्ट्याच्या उत्तरेला, जिथे शत्रूची जमवाजमव आमच्या पुढच्या ठाण्यांना थेट धोका देते तेवढा भाग सोडून, उत्तर व्हिएतनामवरचे हल्ले थांबवले आहेत, असं ते म्हणाले. जिथे हल्ले थांबले तिथे देशाची जवळपास ९० टक्के लोकसंख्या राहते, हेही सांगितलं. दोन्ही विधानं खरी होती. पण अक्षांशाचा आकडा भाषणात नव्हता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सीमेलगतची एक अरुंद पट्टी आली, आणि आदेशात मात्र विसाव्या अक्षांशापर्यंत मुभा होती. सतराव्यापासून (तो पट्टा तिथे होता) विसाव्यापर्यंत तीन अंश, म्हणजे सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या वर! दोन दिवसांच्या आत थान्ह होआ भागात बॉम्ब पडले. ती जागा विसाव्या अक्षांशाच्या जरा खाली आहे, म्हणजे आदेशाला धरूनच. तरी सिनेटमध्ये परराष्ट्र समितीचे अध्यक्ष फुलब्राइट यांनी फसवणुकीचा आरोप केला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मग हद्द गुपचूप एकोणिसाव्या अक्षांशावर आणली गेली. म्हणून कोणतीही 'मर्यादित' घोषणा वाचताना हद्द आकड्यात दिली आहे की वर्णनात, हे आधी बघा. वर्णनात दिली असेल तर ऐकणारा ती आपल्या सोयीने आखून घेतो.

हद्दीनंतर कृतीचा प्रकार बघायचा. ३१ ऑक्टोबर १९६८ ला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरचा हवाई, नौदलाचा आणि तोफांचा असा सगळा मारा बंद केल्याचं जाहीर केलं. तिन्ही प्रकार नावानिशी आहेत, आकाशातून होणारी टेहळणी मात्र नाही. ती विसरून राहिली नव्हती. पॅरिसमध्ये हनोईचा आग्रह 'युद्धाच्या कृती' बंद करण्याचा होता आणि अमेरिकेने शब्द धरला 'बळाच्या वापराच्या कृती'. छायाचित्रं घेणारं विमान बळ वापरत नाही, म्हणून ते उडत राहिलं. हनोईने हा अर्थ कधीच मान्य केला नाही आणि या विमानांवर गोळीबार होत राहिला. मग त्यांच्यासोबत लढाऊ विमानं आली, आणि त्या विमानांच्या हल्ल्यांना 'संरक्षणात्मक प्रतिक्रिया' असं नाव मिळालं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सातव्या हवाई दलाचे प्रमुख जनरल लॅव्हेल यांना पदावरून दूर केलं गेलं ते याच नावाखाली झालेल्या हल्ल्यांच्या खोट्या अहवालांवरून. एका शब्दात ठेवलेली सवड चार वर्षांनी तिथवर पोचली.

आणि विमानं गेली कुठे, हेही विचारायचं. १ नोव्हेंबरला उत्तरेवरचा मारा थांबला. १५ नोव्हेंबरला लाओसमधल्या हो चि मिन्ह मार्गावर (उत्तरेकडून दक्षिणेला माणसं आणि सामान नेण्याची वाट) 'कमांडो हंट' मोहीम सुरू झाली. बॉम्ब त्याच विमानतळांवरून निघत होते, फक्त दिशा बदलली होती. लाओसचा जाहीर उल्लेख करायला निक्सन यांना मार्च १९७० उजाडला.

---

स्वाती२

हनोईची निवेदनंही इतक्याच बारकाईने वाचावी लागतात, ते राहायला नको. २८ जानेवारी १९६७ ला परराष्ट्रमंत्री गुएन दुई त्रिन यांनी सांगितलं की बॉम्बफेक विनाअट थांबली तर बोलणी 'सुरू होऊ शकतील'. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तेच गृहस्थ म्हणाले, 'सुरू होतील'. अख्खं वर्ष गेलं आणि बदल झाला तो एका क्रियापदाचा. वॉशिंग्टनमध्ये या एका रूपावर टिपणांवर टिपणं लिहिली गेली, कारण हनोईकडून मिळणारा जाहीर संकेत एवढाच होता.

दुसऱ्या बाजूचं वाक्यही मापून घडवलेलं होतं. २९ सप्टेंबर १९६७ ला सॅन अँटोनियोत जॉन्सन म्हणाले की मारा थांबवल्याने 'लवकर' आणि 'फलदायी' चर्चा होणार असेल तर तो थांबवू, आणि या काळात उत्तर व्हिएतनाम फायदा उठवणार नाही असं आम्ही 'गृहीत धरतो'. 'अट घालतो' म्हटलं असतं तर हनोईला तोंडदेखलंही पुढे येता आलं नसतं, कारण 'विनाअट' हा त्यांच्या प्रतिष्ठेचा शब्द होता. पण 'फायदा उठवणं' म्हणजे काय, हे कोणीच सांगितलं नव्हतं. ते सांगितलं क्लार्क क्लिफर्ड यांनी, जानेवारी १९६८ मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी सिनेटसमोर साक्ष देताना. नेहमीच्या प्रमाणात माणसं आणि सामान दक्षिणेला जात राहील हे आपण धरूनच चाललो आहोत, असं ते म्हणाले. भूमिका सैल झाल्याची खबर हनोईला अध्यक्षांच्या भाषणातून मिळाली नाही, नेमणुकीच्या सुनावणीतून मिळाली. म्हणून फक्त भाषणं जमवून भागत नाही. समित्यांपुढच्या साक्षी आणि प्रवक्त्यांची प्रश्नोत्तरंही हवीत.

---

मकरंद_व

दुसरा प्रश्न. गुप्ततेची किंमत बघायची असेल तर डिसेंबर १९६६ मधला पोलंडचा मध्यस्थीचा प्रयत्न बघा. अमेरिकेच्या कागदोपत्री त्याचं सांकेतिक नाव होतं 'मॅरिगोल्ड'. वॉर्सामध्ये अमेरिका आणि उत्तर व्हिएतनाम यांची थेट भेट व्हायची होती. नेमक्या त्याच दिवसांत, २ आणि ४ डिसेंबरला, हनोईच्या आसपास बॉम्ब पडले. पुन्हा १३ आणि १४ ला पडले. भेट कधी झालीच नाही.

हे मुद्दाम केलं होतं का, यावर खूप वाद झाला. यंत्रणा कशी फसते ते मात्र इथे स्वच्छ दिसतं. लक्ष्यांची ती यादी नोव्हेंबरमध्येच मंजूर झाली होती. हवामान खराब म्हणून उड्डाणं लांबली आणि आभाळ मोकळं झालं ते बरोबर भेटीच्या तोंडावर. वाटाघाटींची माहिती मोजक्या माणसांना होती, लक्ष्यांच्या वेळापत्रकावर बसलेल्यांना नव्हती. हनोईला दिसलं ते एवढंच: आपण होकार कळवला आणि राजधानीवर मारा वाढला. त्यांनी तो दबाव समजला, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणीही तसंच समजलं असतं. दोन्ही कामांचं वेळापत्रक ज्याच्या टेबलावर एकत्र येतं असा माणूसच नेमलेला नसेल, तर नेत्याच्या मनात काय होतं याला फारसा अर्थ उरत नाही.

उलटी तऱ्हाही आहे. २४ डिसेंबर १९६५ पासून ३७ दिवस बॉम्बफेक बंद होती. त्या काळात हॅरिमन, हम्फ्री, गोल्डबर्ग अशी बडी मंडळी राजधान्या फिरली, सगळ्या जगाला दिसेल अशा रीतीने. संरक्षणमंत्री मॅकनमारा यांची त्या सुमाराची टिपणं वाचली की त्या विरामाचं दुसरं काम कळतं. पुढे सैन्य आणि मारा मोठ्या प्रमाणावर वाढवायचा होता. त्याआधी शांततेसाठी सगळं करून पाहिलं हे देशातल्या आणि जगातल्या लोकांना पटवायला हवं होतं. ३१ जानेवारी १९६६ ला बॉम्बफेक पुन्हा सुरू केली आणि त्याच दिवशी प्रश्न सुरक्षा परिषदेकडे नेला. विरामाची घोषणा, दूतांचे दौरे, मग 'समोरून प्रतिसाद नाही', मग पुन्हा मारा आणि सोबत संयुक्त राष्ट्रांत अर्ज. हा क्रम लक्षात ठेवा, पुढच्या युद्धांतही तो ओळखता येतो.

---

शर्वरी_क

थान्ह होआचं उदाहरण फार उपयोगी पडलं. आता १९७२ कडे यावं ही विनंती. 'शांतता हाताशी' हे वाक्य खोटं होतं का?

---

मकरंद_व

खोटं नव्हतं. ते एकाच वेळी तिघांना उद्देशून होतं आणि तिघांनी तीन अर्थ घेतले.

८ ऑक्टोबरला हनोईचे वाटाघाटीकार ले डुक थो यांनी मसुदा दिला. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांचं सरकार हटवण्याची अट त्यात उरली नव्हती आणि अमेरिकेचा मोठा अडसर त्यामुळे दूर झाला. २३ ऑक्टोबरला विसाव्या अक्षांशाच्या वरची बॉम्बफेक थांबली. पण दक्षिणेची राजधानी सायगावमध्ये थ्यू यांनी मसुदा फेटाळला. २६ तारखेला हनोई रेडिओने कराराची कलमं आणि ठरलेलं वेळापत्रक जाहीर करून टाकलं, म्हणजे अमेरिका शब्द फिरवते आहे हे जगाला दिसावं. त्याच दिवशी किसिंजर पत्रकारांपुढे आले. हनोईला सांगायचं होतं की आम्ही करारातून बाहेर पडलेलो नाही. थ्यू यांना सांगायचं होतं की गाडी निघाली आहे. आणि अमेरिकी मतदार ७ नोव्हेंबरला मतदान करणार होते. हनोईला खात्री वाटली, थ्यू यांना धमकी वाटली, मतदारांना युद्ध संपलंच असं वाटलं. आणखी एक फेरी लागेल असं किसिंजर त्याच बैठकीत म्हणाले होते, पण मथळ्यात तेवढे चार शब्द गेले.

पुढे थ्यू यांचे ६९ बदल मागायची वेळ आली, हनोईनेही आपले मुद्दे पुन्हा काढले, आणि १३ डिसेंबरला बोलणी तुटली. १६ डिसेंबरला किसिंजर यांनी पत्रकार परिषदेत दोष हनोईवर टाकला. १८ ला बी-५२ निघाल्या. नाताळचा खंड वगळता २९ पर्यंत मारा चालला. बी-५२ ची सातशेहून जास्त उड्डाणं झाली आणि १५ बी-५२ पडल्या.

या काळात निक्सन यांनी एकही भाषण केलं नाही. ८ मे १९७२ ला हायफाँग बंदरात सुरुंग पेरल्याचं त्यांनी स्वतः दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं आणि त्याच भाषणात शस्त्रसंधी, युद्धकैद्यांची सुटका आणि चार महिन्यांत माघार असा प्रस्तावही ठेवला होता. डिसेंबरमध्ये मात्र प्रवक्त्यांच्या त्रोटक ओळी. भाषण केलं असतं तर हेतू सांगावा लागला असता, आणि हेतू जाहीर झाला की हनोईला मागे यायला जागा उरत नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये शांतता हाताशी होती, मग आता हे कशासाठी, या प्रश्नाला जाहीर उत्तर नव्हतं: जे पटवायचं होतं त्यातला निम्मा भाग हनोईसाठी नसून थ्यू यांच्यासाठी होता. या मौनाची किंमतही त्यांना मोजावी लागली. ती जागा हनोईहून आलेल्या बातम्यांनी आणि परदेशी सरकारांच्या निषेधांनी भरली.

३० डिसेंबरची घोषणा जरूर बघा. विसाव्या अक्षांशाच्या वरचा मारा थांबतो आहे आणि जानेवारीत बोलणी पुन्हा सुरू होतील, एवढंच. यामुळे ते झालं असं कुठेही म्हटलेलं नाही. हनोईनेही 'माऱ्यामुळे आलो' असं कधी म्हटलं नाही; त्यांच्याकडे त्या लढाईचं नाव 'आकाशातलं दिएन बिएन फू' असं आहे (दिएन बिएन फू म्हणजे १९५४ मध्ये फ्रेंचांवर मिळवलेला विजय). दोघांनी कारण सांगायचं टाळलं, म्हणून दोघांना आपापल्या लोकांसमोर टेबलावर बसता आलं. जानेवारीचा करार ऑक्टोबरच्या मसुद्याहून फार वेगळा नव्हता, हे मजकूर शेजारी ठेवले की दिसतं.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते न दिसलेल्या कागदाने. करार मोडला तर कडक उत्तर देऊ, असं निक्सन यांनी १४ नोव्हेंबर आणि ५ जानेवारीच्या पत्रांत थ्यू यांना लिहून दिलं. अमेरिकी काँग्रेसला (संसदेला) आणि जनतेला ती पत्रं दाखवलीच नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने १५ ऑगस्टपासून इंडोचायनातल्या लढाईचा पैसाच बंद केला. जे वचन लोकांना माहीत नव्हतं त्याच्यासाठी लोकांचा पाठिंबा मागणार कसा? थ्यू यांच्या माणसांनी ती पत्रं उघड केली ती १९७५ मध्ये, सायगाव पडत असताना.

---

विदिशा

तिसऱ्या प्रश्नावर. नागरिक मारले गेल्याची बातमी आली की उत्तरांचा एक क्रम जवळजवळ ठरलेला असतो. 'आमच्याकडे तशी माहिती नाही'. मग 'आम्ही फक्त लष्करी लक्ष्यांवर मारा करतो'. मग 'शत्रूचीच विमानभेदी शस्त्रं पडली असतील'. आणि छायाचित्रं आली की 'अपघाताने मर्यादित नुकसान झालं असावं'. डिसेंबर १९६६ च्या अखेरीस हॅरिसन सॅलिसबरी यांनी हनोईहून न्यूयॉर्क टाइम्ससाठी नाम दिन्ह शहराच्या पडझडीचं वर्णन पाठवलं. नागरी भागांत बॉम्ब पडल्याचं पेंटागॉनला मान्य करावं लागलं. लक्ष्य लष्करी होतं हा खुलासा कदाचित बरोबरही होता, पण दीड वर्ष 'अचूक' मारा असं सांगितल्यावर तो ऐकायला कोणी उरलं नव्हतं. २२ डिसेंबर १९७२ ला बाख माय रुग्णालयावर बॉम्ब पडले. तिथेही पेंटागॉनची सुरुवात शंका घेण्याने आणि शेवट मर्यादित नुकसानीच्या कबुलीने झाला. २६ तारखेला खाम थिएन रस्त्यावरची वस्ती उद्ध्वस्त झाली. माणसं ढिगाऱ्याखाली असताना शब्दांचा हा जिना एकेक पायरी उतरत राहणं मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

नंतर काय बदललं, याला कोसोव्हो (१९९९) हे उत्तर आहे. बदल झाला तो वेगात. सर्बियाविरुद्ध नेटोच्या (अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीच्या) ७८ दिवसांच्या हवाई मोहिमेत ब्रुसेल्सला रोज पत्रकार परिषद होती, आणि रोज बोलायचं म्हणजे चौकशी पुरी होण्याआधी बोलायचं. १४ एप्रिलला कोसोव्होतल्या जाकोविचाजवळ निर्वासितांच्या ताफ्यावर बॉम्ब पडले आणि सुमारे ७० माणसं मेली. आधी सर्बियाकडे बोट दाखवलं गेलं. दुसऱ्या दिवशी एका बॉम्बची चूक कबूल करून वैमानिकाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ते ध्वनिमुद्रण त्या ताफ्यावरच्या हल्ल्याचं नव्हतंच. सविस्तर खुलासा १९ एप्रिलला आला. पाच दिवस गप्प राहिले असते तर टीका झाली असती, पण चुकीचा पुरावा ऐकवल्यामुळे खरा खुलासाही संशयित झाला.

ग्रदेलिका पुलावर रेल्वेगाडीला नेटोचं क्षेपणास्त्र लागलं ते त्याआधी, १२ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी नेटोचे सेनापती जनरल क्लार्क यांनी क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. गाडी एकदम समोर आली, वैमानिकाला वेळच मिळाला नाही, असा त्याचा अर्थ होता. जानेवारी २००० मध्ये उघड झालं की दाखवलेलं चित्रण मूळ वेगाच्या सुमारे तिप्पट वेगाने चाललं होतं. तांत्रिक चूक, असं उत्तर मिळालं. म्हणून लष्कराने दिलेलं कोणतंही चित्रण बघताना त्यावर वेळेचे आकडे आहेत का, आणि ते घड्याळाच्या वेगाने सरकतात का, हे तपासावं.

शेवट कसा सांगितला तेही बघण्यासारखं आहे. रशिया आणि चीनचं म्हणणं, आधी बॉम्बफेक थांबवा, मग सुरक्षा परिषदेचा ठराव. नेटोचं म्हणणं, आधी कोसोव्होतून सर्बियाच्या सैन्याची माघार दिसू दे. ९ जूनला कुमानोव्होत लष्करी करार झाला, माघारीला ११ दिवस ठरले. १० जूनला माघार सुरू झाल्याची खात्री करून नेटोने मारा 'स्थगित' केला आणि त्याच दिवशी ठराव १२४४ मंजूर झाला. शब्द 'स्थगित' होता. 'समाप्त' हा शब्द २० जूनला आला, शेवटची तुकडी बाहेर पडल्यावर.

---

शर्वरी_क

'स्थगित' आणि 'समाप्त' यांच्या तारखा वेगळ्या लिहिल्याच नव्हत्या मी, आता दुरुस्त करते. माझ्या टिपणात बऱ्याच व्हिएतनामी घटना एक दिवस पुढेमागे दिसतात. पुस्तकांच्या चुका म्हणाव्यात का?

---

दस्तऐवज

बहुतेक चुका नाहीत, घड्याळं आहेत. जॉन्सन यांची ३१ ऑक्टोबरची घोषणा अंमलात आली ती १ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या सकाळी ८ वाजता. तेव्हा हनोईत रात्रीचे ८ वाजले होते आणि सायगावमध्ये ९, कारण उत्तर व्हिएतनामची अधिकृत वेळ दक्षिणेपेक्षा एक तास मागे होती. टेतचा सणही (चांद्र नववर्ष) त्या वर्षी दोन्हीकडे वेगळ्या दिवशी आला तो यामुळेच. तुमच्या टिपणात तीन रकाने करा: घोषणा केव्हा झाली, अंमल केव्हापासून, आणि शेवटचा बॉम्ब केव्हा पडला. तिन्ही ठिकाणी घड्याळ कुठलं ते लिहा. हनोई रेडिओच्या २६ ऑक्टोबर १९७२ च्या निवेदनापासून सुरुवात करा. ते आणि किसिंजर यांची पत्रकार परिषद यांची तारीख एकच दिसते, पण निवेदन आधी आलं आणि पत्रकार परिषद त्याला उत्तर म्हणून झाली, हा क्रम तासांच्या रकान्याशिवाय दिसणार नाही.